रिकाम्या खोलीतली खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळीच मीटिंग लागली. येत्या वर्षात कंपन्यांमध्ये कोणतं तंत्रज्ञान येणार, हे एक सल्लागार पडद्यावर दाखवत होता. आता म्हणे एआय एजंट येतील आणि सिस्टिम सांभाळायचं माझं काम न सांगता, न थकता करतील. मी मान डोलवत होतो. अशा मीटिंगांत ती आपोआप डोलते. दर वर्षी सगळं बदलणार असतं, आणि जुनं नव्यात हलवायला सुट्ट्या मोडून मीच बसतो.

बाहेर आलो तर अकाउंट्सच्या जोशीबाई पूजेचं तबक घेऊन सर्व्हरच्या खोलीत उभ्या. खोली रिकामी होती. उन्हाळ्यात आम्ही सगळं क्लाउडवर नेलं, यंत्रं भंगारवाल्यानं उचलली. उरला फक्त लोखंडी सांगाडा, आणि त्यावर जुन्या पूजांचे वाळलेले कुंकवाचे ठिपके.

"अहो, आता फूल कशावर वाहायचं?" त्यांनी विचारलं.

"ते सगळं आता भाड्याच्या जागेत असतं," मी म्हणालो. " कुठे, ते मलाही माहीत नाही."

बाई घुटमळल्या. वर्षभर ज्याला राबवून घेतलं, त्याला एक दिवस हात जोडायचे, ही रीत मला फार आवडते. पण हात जोडायला समोर काहीतरी लागतं.

"मग तुम्हीच या पुढे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं सगळं तुम्हीच तर चालवलंत."

या खोलीत ज्या ज्या यंत्राला कुंकू लागलं ते भंगारात गेलं, हे मी काही बोललो नाही. चष्मा काढला आणि कपाळ पुढे केलं.