नळीची पंगत

सकाळी वॉर्डाचं दार उघडलं की आधी फिनेलचा उग्र दर्प येतो आणि त्याच्या मागून, जरा संकोचतच, मुगाच्या पातळ वरणाचा वास. या दोघांचं खरं तर अजिबात जमू नये. पण इतकी वर्षं एका छताखाली नांदून त्यांनी आपसांत काहीतरी जमवून घेतलेलं दिसतं. हे वरण स्वच्छ कापडातून दोनदा गाळलेलं, त्याला ना फोडणी ना तिखट. वऱ्हाडी माणसाने वरण म्हणायला साफ नकार द्यावा असं. तरीही ज्याला गिळता येत नाही, ज्याचं अन्न नाकातून जठरापर्यंत सोडलेल्या बारीक नळीने जातं, त्याच्यासाठी हेच पंचपक्वान्न. ते कसं भरवावं हे नव्या परिचारिकांना शिकवणं हा माझा उद्योग, आणि खरं सांगते, याहून रुचकर उद्योग मला माहीत नाही.

शिकवणी सुरू होते ती रबराच्या पुतळ्यावर. मुलींनी त्याचं नाव 'जावई' ठेवलंय, कारण तो नुसता लोळतो, आयतं जेवतो आणि चांगलं झालंय असा एक शब्द काढत नाही. खाटेची उशाकडची बाजू उंच करणं, नळी जागेवर आहे की सरकली हे आधी तपासणं, शेवटी पाण्याने ती धुऊन काढणं, हे सगळं त्या चटकन शिकतात. अडतं ते एकाच ठिकाणी. नळीच्या तोंडाला लावलेल्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, नुसती नळकांडी उंच धरायची आणि अन्नाला आपल्या वजनाने, आपल्या सवडीने उतरू द्यायचं. पण हात आखडता घेणं आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या स्वभावातच कुठे आहे? इथे पाहुणा पोट धरून उठला नाही तर घरच्या बाईला झोप लागत नाही. वडनेर भोलजीची शबाना तर पहिल्याच दिवशी दट्ट्या दाबून मोकळी झाली आणि वर मलाच म्हणाली, "मॅडम, इतकं हळू वाढलं तर पाहुणा उपाशी उठन ना." अन्न घाईने ढकललं की ते उलट वर येतं आणि श्वासाच्या वाटेने फुप्फुसात उतरतं, मग माणसाच्या जिवावर बेततं, हे मी तिला समजावलं. तिने मान डोलावली, पण दट्ट्याकडे तिची नजर पुनःपुन्हा जातच राहिली.

आग्रह हे प्रेमाचं किती गोड आणि किती आडदांड रूप आहे!

याच दिवसांत डोणगावचे रामभाऊ आमच्याकडे आले. लग्नाकार्यातले नावाजलेले आचारी. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. नळी घातली, तर त्यांनी डाव्या हाताने ती उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. शेवटी भरवताना तो हात मऊ पट्टीने खाटेच्या दांडीला बांधावा लागे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे असंच चाललं तर त्यांना घरी सोडता येणार नाही. घरी एकटी बायको, ती किती वेळ हात बांधून ठेवणार? त्यांची बायको यमुनाकाकू खाटेशी बसून पट्टीकडे पाहत राहायची. एकदा म्हणाली, "जनमभर लोकायले वाढलं या हातानं, अन् आता जेवताना तोच बांधून ठेवतो आपण." मला तिच्याकडे बघवेना.

एक दिवस त्यांना भरवायच्या वेळी शबानाने पट्टी सोडण्याची परवानगी मागितली. "काऊन?" मी विचारलं. म्हणाली, "हात बांधून कोनी जेवते का, मॅडम?" मी होकार दिला. मी खाटेच्या डाव्या अंगाला उभी राहिले, नळी ओढली गेलीच तर हात धरता यावा म्हणून.

तिने खाटेची उशाकडची बाजू उंच केली, नळी तपासली आणि पंगतीत वाढावं तशा सुरात म्हणाली, "काका, जेवाले बसा. आज मुगाचं वरण हाय, पातळ हाय, तुमच्या हातची चव नाही, पण समजून घ्या." रामभाऊंनी कित्येक दिवसांनी भिंतीकडची मान इकडे वळवली. दट्ट्या ट्रेमध्ये पडून होता. वरण संथपणे उतरत होतं, आणि ज्या मुलीला क्षणाचा धीर नव्हता, ती दिव्याची वात जपावी तशी सिरिंज धरून उभी होती. मला तिचा अभिमान वाटला, तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

ठरवून दिलेलं माप संपलं. काकूने हळूच वाटी पुढे केली. "अजून थोडंसं घाल ना, पोरी. काहीच नाही गेलं त्यायच्या पोटात." शबानाने माझ्याकडे पाहिलं. मी नकाराची मान हलवणार, तोच रामभाऊंचा डावा हात उचलला गेला. तो वर, नाकाच्या दिशेने निघाला. मी पुढे झुकले, काकूने डोळे मिटून घेतले.

हात नाकाशी थांबलाच नाही. तो आणखी वर गेला आणि त्याचा उघडा पंजा सिरिंजच्या तोंडावर आडवा पडला.

पंगतीत बसलेला पाहुणा पानावर हात धरतो, अगदी तसा. बस, आता नको.

काकूने डोळे उघडले, पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत-रडत म्हणाली, "नाही म्हनते ते. पोट भरलं त्यायचं." मग ती उठली, दांडीला लोंबणारी पट्टी तिने सोडवली, नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हे तुमच्यापाशीच राहू द्या, बाई. घरी नाही लागत आमाले."