धर्माच्या पलीकडचे नव्हतेच मास्तर

सावंतवाडीच्या एस.टी. स्टँडवर आमच्या गावचा एक ओळखीचा माणूस भेटला. पिशवी या हातातून त्या हातात घेत त्याने सांगितलं, "इनासमास्तर गेलो गो, सुमन. काल माती दिली. किरिस्तांव आसलो तरी बरो माणूस होतो." मी तिथल्याच बाकावर बसले. ज्यांनी मला पहिलं अक्षर गिरवायला लावलं, ज्यांनी आमच्या घरी येऊन भांडून मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला धाडायला लावलं, ते मास्तर गेले होते, आणि खरं सांगायचं तर रडू येण्याच्या आधी मला शिसारी आली. मातीवर ठेवलेली फुलं सुकली नसतील, तोवर ह्यांनी मास्तरांच्या चांगुलपणाला धर्माची सूट देऊन टाकली होती. पुढे महिन्याभराने गावात शोकसभा झाली. तिथे जे ऐकलं त्यानंतर गप्प बसवेना, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या वाडीत किरिस्तांवाचं घर एकच, तेही आमच्या कुंपणाला लागून. मास्तर आणि त्यांची बायको इस्तेलबाय, दोघंच. मूलबाळ नाही. मास्तर उंच, काळेसावळे, आवाज असा की पाढे शाळेत म्हटले तर बाजारात ऐकू यावेत. रविवारी पांढरंशुभ्र धोतर नेसून, कोट चढवून ते मालवणला इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, चालत जायचे. वाटेत कोणी विचारलं, "मास्तर, खंय?" की "बाजाराक" म्हणून सुटायची सोय होती, आणि गावाला तेच आवडलं असतं. मास्तर म्हणायचे, "प्रार्थनेक जातंय. येतंस?" आणि मोठ्याने हसायचे. विचारणारा खजील होऊन पान थुंकायचा. गावाला मास्तर हवे होते, अर्ज लिहायला, भांडणं मिटवायला, मुलं शहाणी करायला. किरिस्तांव तेवढा नको होता. तो त्यांनी घरात ठेवून यावं, अशी सगळ्यांची अपेक्षा. उघड कोणी बोलत नसे. आमच्याकडे उघड बोलायची पद्धतच नाही, आतल्या आत कुजायची आहे.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली ती गावपळण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि तीन दिवस अख्खं गाव घराला कड्या घालून शिवेबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे चूल पेटता कामा नये, माणसाचा आवाज होता कामा नये. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, फुगड्या, भजनं, गजाली... मला ती पळण अजून आवडते. सासुरवाशिणींनासुद्धा तीन दिवस मोकळा श्वास मिळतो. मास्तरांचं घरही पिढ्यान्‌पिढ्या पळणीला यायचं. "गाव भायर पडता तर मी एकटो घरात बसान काय करू?" असं ते म्हणायचे. नारळ ठेवताना, देवाला गाऱ्हाणं घालताना मात्र ते हात जोडत नसत. बाजूला उभे राहत, डोकं उघडं करून.

त्या वर्षी मी सावंतवाडीहून थेट झोपड्यांवर पोचले. आमच्या घराचा मान मोठा. माझे चुलते आबाकाका गावचे मानकरी, गाऱ्हाणं घालायचे तेच. त्यांची विधवा बहीण भागीआते अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. ती दिसेना म्हणून मी विचारलं. आबाकाका म्हणाले, "भाचयेकडे कट्ट्याक धाडलंय. हयल्या थंडीत तिका खंय ठेवतलंस?" मला पटलं. मास्तरांनाही पटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कट्टा गावाहून तीच भाची फणसपोळी घेऊन आली आणि इस्तेलबायच्या झोपडीपाशी थांबून सहज म्हणाली, "भागीमावशी खंय दिसना नाय ती?"

मास्तर जेवत होते. त्यांनी ताट सारलं, हात धुतला आणि कोणाला काही न सांगता व्हाळ ओलांडून गावाच्या वाटेला लागले. भर दुपारी, सगळ्यांच्या समोर. लोकांना वाटलं, रानात गेले असतील. परतले ते बांधाच्या कडेने, आमच्या झोपडीच्या मागच्या बाजूला. पाठीवर भागीआते. तिच्या अंगावर मास्तरांनी आपल्या घरातून काढलेलं इस्तेलबायचं धुतलेलं लुगडं होतं, ओठ फाटलेले होते, आणि पायाला मुंग्या लागून ठिकठिकाणी लाल झालेलं होतं. बाहेरून कडी घालून, उशाशी तांब्या आणि भाताचं टोप ठेवून माझ्या चुलत्याने आपल्या सख्ख्या बहिणीला तीन दिवसांसाठी बंद केलं होतं. तांब्या पहिल्याच दिवशी कलंडला होता. कोंडण्याचं कारण काय, तर तिला उचलून आणण्याची, लोकांत बसवून घाण काढण्याची लाज वाटली. वर देवाच्या नेमाचा मान राखला, असा आव! 

आबाकाकांनी बहिणीकडे बघितलंच नाही. त्यांनी मास्तरांचे हात धरले. "मास्तरांनू, पाया पडतंय. कट्ट्यासून हाडलंय म्हणान सांगा. मी पण तसांच सांगतंय. तुमी गावात गेलास ह्या कोणाक कळाक नको, तुमकाच तरास." मास्तरांनी हात सोडवून घेतले आणि आतेला सावलीत निजवलं. इस्तेलबायने आतेला पेज भरवायला घेतली. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नाही. चौथ्या दिवशी घरी जायचा कौल मागायच्या आधी गाऱ्हाणं झालं. सगळं गाव उभं. आबाकाकांचा आवाज खणखणीत, "कोणाकडसून काय चूकभूल झाली आसात, जाणतेपणी, अजाणतेपणी..." आणि लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा!" तेवढ्यात बाजूला उभे असलेले मास्तर दोन पावलं पुढे आले.

"चूक म्हणा, काय म्हणा, मी गावात गेल्लंय," ते म्हणाले. "आबांच्या घराची कडी काडलंय. भागीआतेक पाणी पाजलंय, आणि तिका उचलून हाडलंय. मी किरिस्तांव आसंय. बंद घरात माणूस तहानेलां ठेवन माका माज्या प्रभूफुडे गुडघे टेकूक जमाचा नाय. नेम मोडलो तो मी मोडलंय, आणि कोणी नाय."

मी तिथे होते. माणसं आबाकाकांवर तुटून पडतील असं मला वाटलं... एकानेही त्यांच्याकडे मान वळवली नाही. सगळे मास्तरांवर धावले. नेम मोडला! कौल मिळाला नाही, गाव आणखी एक दिवस बाहेर राहिलं, आणि त्या एका दिवसाच्या थंडीवाऱ्याचं खापर मास्तरांच्या डोक्यावर. ज्याने बहीण कोंडली त्याने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आणि लोकांनी पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हटलं. मास्तरांनी देवळात नारळ ठेवून माफी मागावी, असं ठरलं. मास्तर म्हणाले, "गावाक तरास झालो, गावाची माफी मागतंय. लहानथोरांच्या पाया पडतंय. पण देवळात जावन माफी मागलंय तर ती खोटी जायत. तुमच्या देवाकडे खोटां बोलू?" ह्यावर उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की आमचं गाव वाळीत टाकतं.

होळीपर्यंत शाळेत एक मूल गेलं नाही. न्हावी गेला नाही, मासेवालीने टोपली त्यांच्या कुंपणाशी उतरवली नाही. मास्तर रोज वेळेवर शाळा उघडत, फळ्यावर सुविचार लिहीत, रिकाम्या बाकांसमोर बसत. मी मध्येच गावी आले तेव्हा त्यांना विचारलं, "मास्तर, आते तर वाचली होती. बोलायची काय गरज होती?" ते खुर्चीत मागे रेलले. "गो बाय, गप ऱ्हवलो आसतंय तर फुडच्या पळणीक आणखी एक म्हातारी कोंडली आसती. आणि दुसरां... ह्यांका मास्तर म्हायत आसा. ज्यान कडी काडली तो कोण, ता कळाक नको?" मग म्हणाले, "भियालंय मी. खूप भियालंय. इस्तेलबायक विचार."

आणि आते? तिला आबाकाकांनी परत घेतलंच नाही. किरिस्तांवाच्या हातची पेज प्यायली, बाटली म्हणे! मुंग्यांनी खाल्ली तेव्हा बाटली नव्हती ती. चित भी मेरी पट भी मेरी, अशी ही सोवळ्याची रीत. आते पुढची दोन-तीन वर्षं मास्तरांच्या पडवीत राहिली. इस्तेलबायने तिची घाण काढली, केस विंचरले. मास्तरांनी तिच्या डोळ्यांसमोर येईल अशी तुळशीची कुंडी आणून ठेवली आणि सांगितलं, "आते, तुजो देव तू सांभाळ, माजो मी सांभाळतंय." तिला कोणी कधी एक शब्द धर्माबद्दल ऐकवला नाही. ती गेली त्या दिवशी मात्र आबाकाका भाऊबंद घेऊन दारात हजर. बाटलेली बहीण मेल्यावर शुद्ध झाली होती. मास्तरांनी तिला मुकाट्याने त्यांच्या खांद्यावर दिली आणि मसणापर्यंत मागून चालत गेले.

त्यानंतरच्या पळणीला देवाचा नवा कौल झाला, की अंथरुणाला खिळलेल्यांनी घरी राहिलं तरी चालेल, सोबत एक माणूस ठेवावा. आबाकाकांनी देवाची दया म्हणून तो गावाला सांगितला. मी चिडून मास्तरांकडे गेले, तर ते पोट धरधरून हसले. "देवाक कळलां मां, बरां झालां!"

आता शोकसभा. शाळेच्या पडवीत सतरंज्या, हार, उदबत्त्या. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते तिथे घागरी भरभरून निघालं. ज्यांनी आपली मुलं घरी ठेवली ते "आमचे गुरू" म्हणून गहिवरले. आणि शेवटी आबाकाका, मानकरी, काठी टेकत उठून प्रमाण मराठीत म्हणाले, "इनासमास्तर नावाचेच ख्रिस्ती. मनाने ते आपलेच होते. धर्माच्या पलीकडे गेलेला माणूस! माझ्या बहिणीची त्यांनी सेवा केली." टाळ्या झाल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आबाकाका, आतेला कोंडलं कोणी, तेही सांगा." कोणी खोकलं. अध्यक्ष म्हणाले, "चहा झाला की काय बघा रे."

धर्माच्या पलीकडे! पलीकडे गेलेला माणूस तुम्हाला सोयीचा असतो, तो कोणाचाच नसतो, त्याला हार घालून मोकळं होता येतं. मास्तर धर्माच्या चांगले आत होते. आत होते म्हणूनच दुपारचं ताट सारून उठले. गावाने जिवंतपणी त्यांना जे लपवायला सांगितलं, ते मेल्यावर स्वतःच पुसून टाकलं, आणि त्याला श्रद्धांजली म्हटलं.

मी सभेतून उठून इस्तेलबायकडे गेले. दिवेलागण झाली होती. ह्या वेळी मास्तर पडवीत गुडघ्यांवर बसून मोठ्याने प्रार्थना म्हणायचे, वाळीत टाकलं होतं तेव्हाही. इस्तेलबाय एकटीच बसली होती. माळ हातात, मेणबत्ती लावलेली, आवाज बारीक, मध्येच अडखळणारा. सभेहून परतणारी माणसं वाटेने चालली होती. त्यांत आबाकाका होते. कुंपणापाशी थांबून ते मायेने म्हणाले, "इस्तेलबाय, एकटी आसंस गो आता. दार लावन घे आणि मग काय ता म्हण."

इस्तेलबाय उठली. दाराची एक फळी उघडी होती. तिने दुसरीही उघडली, भिंतीला टेकेपर्यंत ढकलली, आणि परत येऊन गुडघ्यांवर बसत पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या वेळी मोठ्याने.