नगरच्या हवेतले चौदा घोडे

हवा सर्वांना सारखीच मिळते, या समजुतीवर माझ्या थोरल्या नणंदेच्या यजमानांइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्यात दुसरा नसेल. कोपरगावच्या एका लग्नात अक्षता पडत असताना त्यांनी डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. शेजारच्यांना वाटले, गहिवरले. भाऊजी म्हणाले, "हितली हवा नगरपेक्षा दाट हाय." आमच्या नव्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा गच्चीवर जाऊन त्यांनी आधी हवेचा दाब मोजला, मग देवाला नमस्कार केला. टर्बो गाड्यांच्या इंजिनातला संगणक जुळवून देणे हा त्यांचा व्यवसाय आणि मनमाड रस्त्यावरची पत्र्याची शेड हे त्यांचे देवघर. तिथे डायनो आहे: गाडीची चाके रोलरवर ठेवायची आणि तिला जागच्या जागी पळवून ताकद मोजायची. गाडी पळू लागली की पत्रे तंबोऱ्यासारखे झंकारतात, तापल्या रबराचा कडवट वास जिभेवर उतरतो आणि भाऊजी ओठांवर बोट ठेवून उभे राहतात, जणू कुणी समेवर येणार आहे.

माझ्या लेकीने जुनी टर्बो गाडी घेतली, दुसऱ्या शहरातून ती 'जोरदार' करून आणली आणि लडाखला निघण्याच्या आठवडाभर आधी भाऊजींपुढे कौतुकाने तिथल्या डायनोचा कागद धरला: एकशे ऐंशी घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर. त्यांनी गाडी आपल्या डायनोवर चढवली. एकशे सहासष्ट.

"काका, माझे चौदा घोडे कुठे गेले?"

"गेले न्हाईत. हुतेच कुठं?"

मग त्यांनी समजावले. उंचावर हवा विरळ, म्हणून यंत्र निकालात समुद्रकाठच्या हवेची भर घालते. साध्या इंजिनाला ते न्याय्यच. पण टर्बो हवा कोंबून ती तूट आधीच भरून काढत असतो. "एकाच पेपरला दोनदा ग्रेस मार्क! आमी न्हाई देत."

एवढ्यावर थांबतील तर ते भाऊजी कसले! लॅपटॉप उघडून त्यांनी उंचावरचा टर्बोचा दाब आणखी उतरवला.

"म्हणजे वर गेल्यावर अजून कमी?" लेक उसळली. "ट्रकसुद्धा मला मागे टाकतील!"

"टाकू दे. विरळ हवेत तेवढाच दाब पायजे म्हनलीस, तर टर्बो जीव तोडून फिरतो, तापतो, फुटतो. खिंडीत ओढून न्यायला कोन येनार, मी?"

ती रुसली, पण गाडी तशीच घेऊन गेली.

लेक लडाखच्या वाटेवरची उंच खिंड ओलांडणार त्या दिवशी मला घरात बसवेना, म्हणून सकाळीच नणंदेकडे गेले. भाऊजी अंगणात, फोन मांडीवर. शेडला कुलूप.

"आज सुट्टी?"

"पत्र्याखाली रेंज न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

नणंदेने मला आत नेले. "इतक्या गाड्या यांनी तिकडं धाडल्या गं, पण दम्यापायी डॉक्टरांनी उंचावर जायला बंदी केलीय. कळसूबाईसुद्धा पायथ्यावरूनच पाहिलंय."

दुपारी अंगणात बसले असताना माझा फोन वाजला. "आई, खिंड ओलांडली, लेहला पोचले! गाडी कुरकुरलीसुद्धा नाही, धापा मीच टाकल्या." सकाळपासून मुठीत घट्ट धरलेला पदर सुटला आणि बोटांना मुंग्या आल्या. भाऊजींनी फोन जवळजवळ ओढूनच घेतला.

"धूर कसला हुता?"

"नव्हताच, काका."

"बरं. बॉनेट उघड. फोन इंजिनापाशी धर."

एक मंद, तृप्त घुमारा त्या अंगणात उतरला. भाऊजी मान कलती करून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने लेकीने विचारले, "काका, बंद करू का आता?"

"थांब की," ते हळूच म्हणाले. "जरा चालू ऱ्हाऊ दे."