एका मापाने लहान

कासारमावशी लांबूनच हात पाहून बांगडीचं माप सांगायची आणि ते कधी चुकायचं नाही. तरीही काही बायकांना ती मुद्दाम एका मापाने लहान बांगडी भरायची. मग बांगडी चढायची नाही. मावशी हाताला साबण चोळायची, अंगठ्याचं हाड आत दाबायची, पुन्हा चोळायची. चार बांगड्यांना तास लागायचा आणि त्या बाईच्या डोळ्यांना धार लागायची. सासू ओसरीवरून विचारायची, "का गं, कशापायी रडतीस?" मावशीच उत्तर द्यायची, "बांगडी तंग हाय जरा. दुखतंय तिला." बांगडीपायी रडलेलं आमच्या सणसरात चालायचं. दुसऱ्या कशापायी सुनेने दिवसाढवळ्या रडायची सोय नव्हती.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी बारामतीची, सातवी पास, नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. मावशी इंदापूरहून महिन्यातून एकदा मोटारीने यायची. पन्नाशीची, मिश्रीने दात काळे, पायात पुरुषी वहाणा. तोंड असं फटकळ, की पाटलाच्या बायकोने घासाघीस केली तेव्हा भरलेल्या दोन बांगड्या काढून घेऊन ही पुढच्या घरी गेली. पण एका घरचं दुसऱ्या घरी तिने कधी नेलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "माझ्या पेटीत बांगड्याच मावंनात, तुझ्या शेजारणीचं गाऱ्हाणं कुठं ठिऊ?"

पहिल्यांदा माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "मुठीत काय धरलंयस, पोरी?" मी म्हटलं, काही नाही. "मग सोड की." मला मूठ सोडता येईना. मी माहेरच्या आठवणीने रडले, वेड्यासारखी बोलत सुटले, आणि ती नुसती "बरं, मग?" म्हणत राहिली. सल्ला एका अक्षराचा नाही. नंतर मीच चिडून विचारलं, की एवढं ऐकलंस, मग काहीतरी सांग ना. ती म्हणाली, "सांगणारी मानसं गावात काय कमी हायत? मी वैद न्हाय. बोललं की हात सैल पडतो, एवढंच मला ठावं."

माझ्या थोरल्या जावेचं, अक्काचं, दोन वर्षांचं पोर तापाने गेलं. अक्का जेवेना, बोलेना. दिवसभर रिकामी झोळी हलवत बसायची. झोळी सोडवून ठेवली, तर नुसती दोरी हलवायची. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही आहे. नरसिंहपूरला नेऊन संगमावर अंघोळ घातली, अंगारा लावला. येताना बैलगाडीतसुद्धा तिचा हात हवेत हलतच होता. तो हात मला अजून दिसतो.

मावशीने त्या महिन्यात तिला एकच बांगडी भरली. दोन तास लागले आणि अक्का एक शब्द बोलली नाही. पुढच्या वेळी इंदापूरहून ही बाई आठ दिवसांतच हजर! सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लवकर?" मावशी म्हणाली, "थोरलीचा हात अर्धाच भरलाय, तसा सोडू व्हय?" चौथ्या खेपेला अक्का बोलली. "पोर गेलं तवा मी झोपले व्हते, मावशे. माजा डोळा लागला." मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता मावशी म्हणेल, तुझा काय दोष. ती म्हणाली, "बरं, मग?" अक्काने पुढचं सांगितलं. त्यानंतर दर खेपेला तेच सांगितलं, त्याच शब्दांत, आणि मावशीने दर खेपेला ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. दिवाळीच्या आत अक्का चुलीपुढे बसून भाकरी थापायला लागली. एकदा हसलीसुद्धा.

माझी नातसून सांगते, आता नुसतं बोलायलाही डॉक्टर असतात, दर आठवड्याला समोर बसून बोलायचं आणि माणूस सावरतो. तिला वाटतं, मला हे खरं वाटणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात थोरले दीर उसाला पाणी द्यायला गेले आणि पान लागून, म्हणजे साप चावून, गेले. अक्काचे हात मोकळे झाले. मावशीने भरलेल्या त्या सगळ्या बांगड्या बायकांनी पाटाच्या काठी दगडावर फोडल्या.

विधवेने बांगड्यांच्या पेटीसमोर यायचं नाही, आणि कासारणीने तिचा हात धरायचा नाही, ही रीत. कुणी सांगत नसे, सगळ्यांना माहीत असे. महिन्याने मावशी आली, ओसरीवर पेटी उघडली. माझा हात धरून हळूच विचारलं, "थोरली कुठं हाय?"

"परसात, गोठ्याच्या मागं."

ती मागच्या दाराकडे बघत राहिली. सासूबाई समोर बसल्या होत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं, मावशी, आत ये, पेटी राहू दे इथंच. मी दुसरा हात पुढे केला. मावशीने माझ्या बांगड्या भरल्या आणि पेटी मिटली. पुढच्या महिन्यातही तेच झालं. गोठ्याच्या मागे अक्का परत हवेत हात हलवत होती. तिसऱ्या महिन्यात ती पाटात सापडली.

तेराव्यानंतर मावशी आली, पेटीशिवाय. कुणाला न विचारता घरातून थेट परसात गेली आणि अक्का बसायची त्या जागी बसली. मी पाणी नेलं, ते घेतलं नाही. म्हणाली, "दोनदा ओसरीवर आले गं, दोनदा. बांगडीबिगर बाईचा हात धरायचा कसा, तेच मला जमलं न्हाय. मी भ्याले."

सासूबाई मागून आल्या. त्या बाईला मी घरात कधी मऊ आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्या मावशीशेजारी मातीतच बसल्या आणि आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवून म्हणाल्या, "आदी नातू गेला. मग ल्योक गेला. मी कुनापाशी बोलले न्हाय, मावशे. त्या दिवशी सकाळी त्यो निघाला तवा मी त्येला..."

मावशी उठली. "न्हाय, माय," ती म्हणाली, "आता मला ऐकवत न्हाय." वहाणा तशाच हातात घेऊन ती निघून गेली. सणसरात ती पुन्हा आली नाही.

सासूबाई तिथेच बसून होत्या, वाक्य अर्धंच राहिलेलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तीन पावलांवर उभी होते. चुलीवर तवा तापलाय, असं म्हणून मी आत गेले.