माठातले इन्सुलिन

आख्यायिका घडायला शतके लागतात, असे आम्ही लोकसाहित्याचे अभ्यासक मोठ्या खात्रीने सांगतो. चंद्राबाईंच्या घरचे किस्से आठवले की ती खात्री डळमळते. तिथे सकाळी घडलेली गोष्ट संध्याकाळी चावडीवर पोहोचे, ती दोन नव्या फांद्या फुटूनच! अशा गोष्टी साचत गेल्या.

स्वातंत्र्य मिळून अजून दहा वर्षे झाली नव्हती. पिंपरीला पहिले कारखाने उभे राहत होते. आकुर्डी मात्र शेतीचेच गाव होते. तिथल्या चंद्राबाईंकडे मी जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला जाई. त्यांची तरुण सून सरू लग्नानंतर वर्षाच्या आतच वाळत चालली. चिंचवडच्या डॉक्टरांनी मधुमेहाचे निदान केले आणि स्पष्ट सांगितले, "रोज इन्सुलिन टोचलं तर जगेल. नाही टोचलं, तर नाही."

भाऊबंद म्हणाले, "माहेरी धाडा." चंद्राबाईंनी डॉक्टरांना एवढेच विचारले, "टोचायचं कुणी?"

* * *

टोचायचे त्यांनीच ठरवले. काचेची पिचकारी उकळून झाली, सरूने डोळे घट्ट मिटले, आणि सासूबाईंनी रिकामी सुई आधी स्वतःच्याच मांडीत खुपसली!

"बघ पोरी, कायबी न्हाई. मुंगीएवढंबी न्हाई!"

सरूने डोळे उघडले. "आत्याबाई, मग डोळ्यांत पाणी कशापायी?"

"मुंगी मोठी हुती!"

* * *

औषधाला थंडावा हवा. चंद्राबाईंनी ओल्या वाळूने भरलेल्या माठात बाटली ठेवली आणि माठ कोपऱ्यात मांडला. दोन दिवसांनी शेजारणी त्या कोपऱ्याकडे जाताना वहाणा काढू लागल्या. आठवड्याने माठावर हळदीकुंकू दिसले. साधी जागा देवस्थान कशी होते, याच्या पायऱ्या मी ग्रंथांत वाचल्या होत्या. इथे त्या माझ्या डोळ्यांदेखत चढल्या जात होत्या. मी भारावून विचारले, "चंद्राबाई, तुम्हीही याला देव मानता?"

"न्हाई गुरुजी. पर कुंकू लावलं की पोरं हात लावत न्हाईत!"

* * *

रक्तातली साखर पाहायची तर पुणे गाठावे लागे. घरी लघवीची परीक्षा. काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात चार थेंब टाकून ती तापवायची. रंग निळाच राहिला तर उत्तम, हिरवा-पिवळा झाला तर साखर आहे, विटकरी झाला तर फारच आहे. विहिरीवर "जेवलीस का?" हा प्रश्न मागे पडला आणि "सरू, आज कंचा रंग?" हा रूढ झाला.

एके दिवशी शेजारच्या गंगूबाई झाकलेला तांब्या घेऊन हजर.

"चंद्राबाई, एवढं बघा की."

"कुणाचं हाय?"

"म्हशीचं."

चंद्राबाईंनी चेहऱ्यावरची रेष न हलवता नळी तापवली. निळी! तेव्हापासून गंगूबाई रतिबाचे दूध घालताना प्रत्येक दारात बजावू लागल्या, "तपासलेल्या म्हशीचं हाय!"

* * *

हे औषध जनावरांच्या पोटातल्या एका ग्रंथीपासून काढतात, हे डॉक्टरांनी लपवले नाही. घर माळकरी, अंड्यालाही उंबरठा ओलांडू न देणारे. मला वाटले, आता सगळे संपले. चंद्राबाई बराच वेळ गळ्यातल्या तुळशीच्या माळेवरून बोट फिरवत बसल्या. मग उठल्या आणि पिचकारी उकळायला ठेवली.

त्या वर्षी पोळ्याला त्यांनी बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी भरवली. मग गोठ्याच्या दाराशी, जिथे कोणतेच जनावर उभे नव्हते, तिथे आणखी एक पोळी ठेवली.

"ही कुणाची?" मी विचारले.

"ज्याचं सरूच्या अंगात जातं, त्याची. त्याला मी कुठं हुडकू?"

लोकाचाराचा उगम शोधण्यात मी आयुष्य घालवले. उगम होताना मात्र तो एकदाच पाहिला.

* * *

मोशीला चंद्राबाईंच्या बहिणीकडे देवीचा कुळाचार होता. मीही गेलो होतो. सरूने सकाळी इंजेक्शन घेतले होते. ते घेतले की थोड्या वेळात जेवावेच लागते. नाहीतर रक्तातली साखर उतरत जाते, घाम फुटतो, शरीर थरथरते, शुद्ध हरपते, आणि वेळेवर गोड मिळाले नाही तर जीवही जातो. पण नैवेद्याआधी कोणी तोंडात काही घालायचे नाही, हा घरचा नेम. भगत उशिरा आला, आरती लांबली. पाहुणी सून, ती भूक कोणाला सांगणार? चंद्राबाई तर इंद्रायणीवर पाणी आणायला गेलेल्या.

सरू घामाने निथळली. थरथरू लागली. केस सुटले, डोळे फिरले.

"बाई आली! अंगात आली!" बायका ओरडल्या. संबळ चढला. कोणी मळवट भरला, कोणी पायांवर डोके ठेवले. भगताने हात जोडून विचारले, "आई, काय पायजेल?"

सरू पुटपुटली, "भाकर."

भाकर मागणारी देवी कोणी पाहिली नव्हती. सगळे थक्क! मी तर वहीतून मानही वर केली नाही. देवीचे शब्द टिपून घेत होतो.

तेवढ्यात चंद्राबाई आल्या. डोईवरची घागर दारातच टाकली, गर्दी रेटली आणि देवीपुढच्या ताटातला, अजून न दाखवलेल्या नैवेद्याचा गूळ उचलून सरूच्या गालात कोंबला.

"चंद्रे!" बहीण किंचाळली. "देवीच्या आधी?"

"देवी थांबंल," चंद्राबाई सरूचा जबडा धरून गूळ चोळत म्हणाल्या. "हिला थांबता येत न्हाई."

संबळ थांबला. हळूहळू थरथर ओसरली. सरूने डोळे उघडले, इतकी माणसे पाहून घाईने पदर सावरला आणि विचारले, "आत्याबाई, माझं काय चुकलं का?"

भगत पुढे आला. हातातली परडी त्याने खाली ठेवली आणि वाकून, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार केला.

सरूला नव्हे. चंद्राबाईंना.