आईनं मागितलेलं मशीन

आईची छाती चुलीच्या धुरानं आधीच पोखरली होती. त्यात दुष्काळी कामावर खडी फोडली, तिची धूळ. नगरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा दोन शब्द बोलायलाही तिला थांबावं लागत होतं.

डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं, नुसत्या ऑक्सिजननं आता भागणार नाही. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात श्वास देणारं मशीन आहे. गळ्यात नळी घालतील, बोलता येणार नाही, आणि फुप्फुसं इतकी झिजलीत की मशीन सुटेलच असं नाही.

व्हरांड्यात भावकी बसली. ठरायला वेळ लागला नाही. बाईमाणसाच्या मरणावर आमच्यात फार चर्चा होत नाही. "कशाला हाल करायचे?" म्हणत धाकटे काका आत आले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "वैनी, काय खावंसं वाटतंय?"

जन्मभर तिला हे कोणी विचारलं नव्हतं. जाणाऱ्या माणसालाच विचारतात. काकू तर शिऱ्याच्या तयारीला उठलीसुद्धा.

आईनं दम गोळा केला. "मला... मशीन पायजे."

"आवो, नळी घालत्यात गळ्यात. बोलता न्हाई यायचं."

"इतकी वर्सं... कुठं बोलत हुते?"

मी शाळामास्तरीण, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. म्हणजे भावकीत मला मत नव्हतंच. मग विचारायचं तरी कशाला? मी गाडी ठरवली आणि आईला पुण्याला घेऊन गेले. सोबत कोणी आलं नाही.

हाल झाले. खोटं कशाला बोलू? नळी ओढू नये म्हणून हात बांधले होते. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. मी रोज विचारायचे, "काढायला सांगू?" ती रोज मान हलवून नाही म्हणायची. मला रडू फुटायचं आणि तिचा अभिमानही वाटायचा. मशीन सुटलं नाही. त्यावरच ती गेली.

दहाव्याला सगळी भावकी जमली ती कावळा बघायला. इच्छा राहिली असेल तर तो पिंडाला शिवत नाही म्हणतात, आणि ही तर पोरीनं हाल करून मारलेली! धाकटे काका सगळ्यांच्या पुढे उभे. मी कावळ्याबिवळ्याला मानत नाही. पण पिंड ठेवून भटजी मागे सरतात न सरतात तोच तो आला आणि चोच मारून मोकळा झाला.

काका खाली बघायला लागले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका, इच्छा तुम्ही विचारली होती. पुरवली मी."