दहा लाख तीन

दापोली-हर्णे एसटीत रोज खिडकीशी बसणारे ते चाचा. आखातात जहाजाच्या इंजिनावर उमर गेलेली. आता मांडीवर वही आणि तीत एकच संख्या, दहा लाख तीन. ती मूळ संख्या आहे का, हे ते हातानं भागून बघत. हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी, एकेक करून.

मी गणिताचा मास्तर. म्हटलं, "चाचा, मोबाइल क्षणात सांगेल."

"मोबाइलला कळंल, सर. मला कसं कळणार?"

एकदा बाकी शून्य आली. हर्णेपर्यंत ते तोच भागाकार वरून खाली तपासत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हातचा चुकला होता."

शेवटी नऊशे सत्त्याण्णव आले. बाकी उरली बारा. चाचांनी वही मिटली. "नाय भागत कुणाला."

उत्तर मला ठाऊकच होतं. तरी घरी जाऊन कोरी वही काढली आणि तीननं भागायला घेतलं.